क्यूब भरणे, क्यूब फोडणे

सिव्हिलच्या पोरांपुढे 'क्यूब' म्हटलं की त्यांना भूमितीतला घन आठवत नाही. आठवतो तो १५० मिलिमीटर बाजूचा, आठ किलोंच्या आसपास वजनाचा, करड्या रंगाचा काँक्रीटचा ठोकळा. तो 'भरायचा' असतो आणि पुढे 'फोडायचा' असतो. साइटवरही हीच क्रियापदं चालतात. 'काँक्रीटच्या संपीडन सामर्थ्याची चाचणी', म्हणजे काँक्रीट किती दाब सोसतं ते पाहणं, हे शब्द फक्त जर्नलच्या, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीच्या, पहिल्या ओळीत भेटतात.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या अवाढव्य विद्यापीठात, जिथे तीन जिल्ह्यांतली कॉलेजं एकाच परीक्षेच्या चाकाला जुंपलेली असतात, तिथे इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला एक कला आपोआप येते: सगळं शेवटच्या आठवड्यात उरकण्याची. असाइनमेंट एका रात्रीत होतात. ड्रॉइंगची जीटी मारता येते, म्हणजे खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी. क्यूबची मात्र जीटी नाही. सबमिशन २० तारखेला असो की २५ला, त्याला २८ दिवस लागतात. हे २८ दिवस मोजायचे तेही साच्यातून काढल्यापासून नाही, तर कोरड्या मिश्रणात पाणी पडलं त्या घडीपासून. आपल्याकडे पत्रिकेला जन्मवेळ लागते, तशी क्यूबला ही लागते.

२८ म्हणजे नेमके चार आठवडे. त्यामुळे मंगळवारच्या बॅचने भरलेला क्यूब सात दिवसांनीही मंगळवारी फुटतो आणि अठ्ठावीस दिवसांनीही. प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकाला हे फार सोयीचं पडतं. गोची होते ती २४ तासांची. साचा उघडून क्यूब पाण्याच्या टाकीत सोडायचा बुधवारी, आणि बुधवारी लॅबमध्ये दुसरीच बॅच असते. मग ते काम बहुतेक वेळा लॅबच्या मामांच्या गळ्यात पडतं. मामांनी उघडलेल्या क्यूबच्या कडा शाबूत असतात. पोरांनी हातोडीने उघडलेल्या क्यूबचा एखादा कोपरा हमखास साच्यातच राहतो.

सहा क्यूब भरायचे, तीन सात दिवसांसाठी आणि तीन अठ्ठावीससाठी, तर १० किलो सिमेंट, १५ किलो वाळू, ३० किलो खडी आणि ५ लिटर पाणी घेतलं की भागतं, थोडं उरतंही. हिशोब सोपा दिसतो, पण खोट वाळूत असते. ढिगातली वाळू ओली असेल आणि तिच्यात पाच टक्के ओल असेल, तर १५ किलो वाळूबरोबर जवळजवळ पाऊण लिटर पाणी न बोलावता आत येतं. कागदावर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५, घमेल्यात ०.५७. उलट क्रश सँडमध्ये, म्हणजे दगड भरडून केलेल्या वाळूत, भुकटी जास्त असली की मिश्रण कोरडं वाटतं, फावडं जड चालतं, आणि कुणीतरी 'थोडं पाणी टाक रे' म्हणतं. हे 'थोडं' कुणी मोजत नाही. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्याहून जास्त असलेलं पाणी पुढे उडून जातं आणि जागच्या जागी बारीक पोकळ्या सोडतं. ताकद तिथेच जाते.

साच्याला आतून तेलाचा पातळ हात द्यायचा. जास्त झालं तर तळाला डबकं होतं आणि क्यूबचा तो भाग मऊ राहतो. नटबोल्ट घट्ट हवेत. सैल असले तर फटीतून सिमेंट-पाण्याची स्लरी गळते आणि मागे उरते नुसती खडी, म्हणजेच हनीकोंब. मग तीन थर, प्रत्येक थराला सळईने ३५ ठोसे. सळई १६ मिलिमीटर व्यासाची, टोकाला गोल. पस्तीस हा आकडा सगळे तोंडाने मोजतात, पण तिसऱ्या क्यूबपर्यंत हात भरून येतो आणि मोजणी चोवीसवरून थेट तिशीत उडी मारते. थापीने माथा सपाट केला की, ओला असतानाच, खिळ्याने बॅच नंबर आणि तारीख कोरायची. खडूने लिहिलेलं टाकीतल्या पाण्यात धुऊन जातं, आणि मग टाकीच्या तळाशी सहा बॅचचे छत्तीस जुळे भाऊ.

फोडण्याच्या दिवशी क्यूब टाकीतून काढून फक्त वरचं पाणी पुसायचं. पंख्याखाली वाळवायचा नाही, कारण वाळलेला क्यूब खोटी जास्त ताकद दाखवतो. दाब देणाऱ्या यंत्रात ठेवताना थापी मारलेली बाजू वर किंवा खाली न येता कडेलाच यायला हवी. ओरलला बाहेरून आलेले सर हे हटकून विचारतात, आणि खरोखर विचारण्यासारखंच आहे. साच्याच्या लोखंडाला टेकलेल्या बाजू गुळगुळीत असतात, थापीची बाजू कितीही घोटली तरी उंचसखल. तीवर भार आला तर दोन-चार उंचवट्यांवरच एकवटतो आणि चांगलं काँक्रीटही नापास होतं.

भार मिनिटाला चौरस सेंटिमीटरमागे १४० किलो या वेगाने वाढवायचा. घाईने वाढवला तर आकडा फुगतो. काटा चारशे किलोन्यूटनच्या पुढे सरकतो, लॅब एकदम गप्प होते. आधी तडतड ऐकू येते, कडेच्या खपल्या सुटतात, मग काळा काटा मागे पडतो आणि लाल काटा होता तिथेच थांबून राहतो. तो आकडा लिहायचा. बाहेर काढलेला क्यूब डमरूसारखा दिसतो, कारण वरखालच्या पोलादी प्लेटा घर्षणाने त्याची दोन तोंडं धरून ठेवतात आणि मधल्या बाजू मोकळ्या असल्याने ढासळतात. डमरू न होता एकाच बाजूने चिरफळला, तर समजावं की तो मधोमध बसला नव्हता.

एम-२० म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २० न्यूटन पेलणारं काँक्रीट; आपल्या क्यूबला ४५० किलोन्यूटन म्हणजे नेमके २०. समजा, तीन क्यूबांनी ५९०, ६१० आणि ४३० दाखवले. सरासरी निघते २४.१, म्हणजे पास वाटावं अशी. पण तिसरा क्यूब सरासरीच्या एकवीस टक्के खाली आहे, आणि मुभा पंधराचीच. म्हणजे हा संच बाद. नियमाने पुन्हा भरायचा, पुन्हा २८ दिवस. सबमिशन मात्र पुढच्या शुक्रवारी. इथे काही जर्नलांमध्ये ४३० चे ५६० होतात. याला 'रीडिंग बसवणे' म्हणतात. खरं तर त्या पानावर सर्वांत वाचनीय आकडा ४३० हाच होता. त्यात ती उडी मारलेली मोजणी होती, नाहीतर सैल नटबोल्ट. ५६० मध्ये काहीच नाही.

फुटलेले तुकडे भरावात जातात. खुणा पुसलेले, वय कुणालाच ठाऊक नसलेले क्यूब लॅबच्या मागच्या दाराशी साठतात. एक दार उघडं धरून ठेवतो, चार जास्वंदीभोवती आळं करतात. पावसाळ्यात त्यांतला एखादा गाडीच्या साइड स्टँडखाली जातो, स्टँड चिखलात रुतू नये म्हणून.