पहिल्या भागाचा निकाल

शनिवार, रात्री उशिरा

नव्या मालिकेचा पहिला भाग काल आला. नाव लिहीत नाही, कारण हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो अजून बघितलेला नसणार आणि मला फुकटच्या शिव्या खायच्या नाहीत. एवढंच सांगतो की अंतराळ आहे, कुठेतरी दूर एक बंदिस्त वस्ती आहे, त्यात एक बाई आहे आणि सुरुवातीला बराच वेळ कुणी तोंडच उघडत नाही.

मला भाग बरा वाटला. बरा म्हणजे बराच, त्याच्या वर नाही आणि खालीही नाही. पण गंमत भाग संपल्यावर सुरू झाली. श्रेयनामावली अजून सरकत होती आणि इकडे निकाल लागायला लागले होते. कुणाला ही आजवरची सर्वोत्तम विज्ञानकथा वाटली, तर कुणाला शुद्ध वेळेचा अपव्यय. ‘नमनाला घडाभर तेल’ असं एकाने लिहिलं, ते मात्र पटलं. पोकळीतल्या स्फोटाला आवाज नाही, म्हणून एकाने मालिकेला डोक्यावर घेतलं. त्याच प्रसंगाखाली दुसऱ्याची पृच्छा: ‘आवाज माझ्याच टीव्हीचा गेलाय की सगळ्यांचा?’ हवा नाही तिथे आवाज नाही, हे शाळेत सगळेच शिकतात, पण पडद्यावर धडाम लागतंच. मलाही लागतं, खोटं कशाला बोलू.

एका भागावरून अख्खी मालिका ओळखायची घाई जुनीच आहे. शितावरून भाताची परीक्षा, ठीक. पण ते शीत निवडलं कुणी, हे कुणी विचारत नाही. 8 सप्टेंबर 1966 ला ‘स्टार ट्रेक’ अमेरिकेत सुरू झाली, तेव्हा लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो माणसांच्या शरीरातलं मीठ शोषणाऱ्या प्राण्याचा भाग. बनवण्याच्या क्रमात तो पहिला नव्हताच. अगदी पहिला बनवलेला नमुना भाग वाहिनीने नापास केला होता, मग दुसरा करून घेतला, आणि प्रत्यक्ष प्रसारणाच्या दिवशी तिसराच पुढे केला. त्या रात्री ज्यांनी नाक मुरडलं, त्यांनी नेमकं कशाला मुरडलं? मालिकेला की वाहिनीच्या निवडीला?

‘फायरफ्लाय’चं तर त्याहून वाईट झालं. पात्रांची नीट ओळख करून देणारा दोन तासांचा पहिला भाग तयार होता. वाहिनीला तो आवडला नाही, म्हणून 20 सप्टेंबर 2002 ला मालिका सुरू झाली ती रेल्वेगाडीवरच्या दरोड्याने. कोण कुणाचा कोण, हे कळायला मार्ग नव्हता. ओळखीचा तो भाग दाखवला डिसेंबरात, मालिकेचा गाशा गुंडाळताना! 14 भाग तयार होते, त्यातले 11 च तेव्हा दिसले. चाहत्यांनी पुढे तिला एवढं उचलून धरलं की 2005 मध्ये तिचा चित्रपट निघाला. पहिल्या रात्रीचा निकाल असा किती दिवस टिकतो, सांगा.

त्या मानाने ‘डॉक्टर हू’ नशीबवान. 23 नोव्हेंबर 1963 ला पहिला भाग लागला, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी. लोकांचं चित्त ठिकाणावर असेल तर ना. बीबीसीने शहाणपणा केला आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवला. त्यानंतर डिसेंबरात ते डालेक, म्हणजे यंत्राच्या कवचातले दुष्ट परग्रहवासी, आले आणि पोरं वेडी झाली. आज कुठल्या मालिकेला अशी दुसरी संधी मिळते?

आणि बघायच्या आधीच निकाल देणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. 2003 मध्ये ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नव्याने केली, तेव्हा स्टारबक हा जुना पुरुष वैमानिक बाई केला म्हणून चाहत्यांनी केवढा गहजब केला होता. पुढे त्याच बाईवर लोक जीव टाकायला लागले. गहजब करणाऱ्यांपैकी काही त्यातही असतील. असोत.

खरं तर आवडली-नावडलीच्या या गदारोळात मला फारसा रस नाही. मला भुरळ पडते ती तिसऱ्या जातीच्या प्रेक्षकांची. हे लोक चित्र थांबवून बघतात. आमची भाची त्यातलीच. मध्यरात्री तिचा मेसेज: ‘मामा, ते घड्याळ बघितलंस का?’ मी म्हटलं, कसलं घड्याळ. तिने थांबवलेल्या चित्राचा फोटो पाठवला. बाई भिंतीला टेकून बसलीय, तिच्या खांद्यामागे आकड्यांचं एक छोटं घड्याळ आहे, कोपऱ्यात, अर्धं कापलेलं. त्यावर 24:31 अशी वेळ.

24:31! पृथ्वीवरचं घड्याळ 23:59 नंतर 00:00 वर येतं. मंगळावरचा दिवस मात्र साधारण 24 तास 39 मिनिटांचा असतो. म्हणजे वस्ती मंगळावर आहे. अख्ख्या भागात हे कुणी उच्चारलेलं नाही, संवादात फक्त ‘इथे’ म्हणतात.

हे शोधणारी ती एकटी नव्हती, सकाळपर्यंत सगळीकडे घड्याळाचीच चर्चा. लगेच विरोधी पक्षही उभा राहिला. त्यांचं म्हणणं, ती बाई शेवटी पृथ्वीवरच्या नवऱ्याशी बोलते, तेव्हा तो तिथल्या तिथे उत्तर देतो. मंगळावरून पृथ्वीवर संदेश पोहोचायलाच कमीत कमी तीनेक मिनिटं लागतात, दोन्ही ग्रह लांब असले तर वीसच्या वर, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच. प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जात नाही, नवऱ्याचं उत्तरही नाही. म्हणजे एक तर घड्याळ चुकलंय, नाहीतर दिग्दर्शक.

यावर भाचीचं उत्तर: ‘नाहीतर नवरा.’

तिच्या मते तो संवाद खरा नाहीच. आधी ध्वनिमुद्रित केलेली उत्तरं बाईला ऐकवताहेत. मी तो प्रसंग पुन्हा लावला. नवरा तिच्या एकाही प्रश्नाला नेमकं उत्तर देत नाही. ‘हो गं’, ‘सगळं ठीक आहे’, ‘तू काळजी घे’. काल हे मला लेखकाचं दुबळेपण वाटलं होतं. आज अंगावर काटा आला. आता हे खरंच योजलेलं आहे की आम्ही मंडळी आपल्या पदरचं घालतोय, देव जाणे.

पण योजलेलं असू शकतं. ‘द एक्स्पान्स’मध्ये सेरीस लघुग्रह गरगरा फिरवून त्याच्या पोटात कृत्रिम वजन निर्माण केलेलं दाखवलं होतं. तिथे पेल्यात दारू ओतली की धार सरळ खाली न पडता बाजूला वळते. फिरत्या ठिकाणी पडणारी वस्तू अशीच भरकटणार. त्यावर कुणी पात्र एक शब्द बोलत नाही, दारू ओततात, पितात, कथा पुढे. एवढ्याशा धारेसाठी कुणीतरी किती खपलं असेल! बघणारे बघतात हे ठाऊक असल्याशिवाय एवढे कष्ट कोण घेईल? आणि 2018 मध्ये वाहिनीने ती मालिका बंद केल्यावर चाहत्यांनी वर्गणी काढली आणि ‘मालिका वाचवा’चा फलक बांधलेलं विमान दुसऱ्या कंपनीच्या कचेरीवरून उडवलं, ते काही उगाच नाही. त्या कंपनीने मालिका घेतलीही.

आमच्या मालिकेच्या घड्याळावर मात्र एकमत व्हायची चिन्हं नाहीत. नेपथ्यवाल्यांनी घाईत वाटेल तो आकडा लावला असेल, असं मी भाचीला म्हणून पाहिलं. ती म्हणाली, ‘मामा, वाटेल तो आकडा लावणारा 24:31 लावत नाही, 12:30 लावतो.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैज मात्र लागली आहे. नवरा खरा निघाला तर पुढचा महिनाभर ती मला मालिकांबद्दल काही शिकवणार नाही. खोटा निघाला तर तिने सुचवलेली एक लांबलचक मालिका, जी मी दोनदा अर्ध्यावर सोडलीय, मला शेवटपर्यंत बघावी लागेल. पुढचा भाग शुक्रवारी.