दिवसभर रानात करता तरी काय?

"अगं, पण दिवसभर तिथे करता तरी काय?"

साताऱ्याची मामी दर सोमवारी फोनवर हे विचारते. रविवारचे फोटो तिने पाहिलेले असतात: तीच करडी टेकडी, तेच दगडी बांध आणि पोटापर्यंत चिखलाने माखलेली आमची कुत्री चिंगी. इथे इंग्लंडात, शेफील्डला नव्याने आलेली मराठी मंडळीही विचारतात, त्यातही ज्यांनी इथे येऊन कुत्रा पाळलाय ती जास्त. कुठे जाता, कुणी अडवत नाही का, कुत्रीला मोकळं सोडता का? फोनवर दोन वाक्यांत हे सांगून होत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

चिंगी आमच्याकडे आली तेव्हा अडीच वर्षांची होती, बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातून आणलेली. निम्मी बॉर्डर कोली, म्हणजे मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची जात. बाकी निम्मं काय, ते तिथल्या लोकांनाही सांगता आलं नाही. त्याआधी आठ वर्षं आम्ही या शहरात राहत होतो आणि पीक डिस्ट्रिक्ट आम्हाला गाडीच्या काचेतूनच माहीत होतं. पाहुणे आले की न्यायचं, फोटो काढायचे, आइस्क्रीम खाऊन परत यायचं. हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1951 पासूनचं, आमच्या शहराला अगदी लागून आहे. शहराच्या हद्दीचा बराच भाग तर त्यातच मोडतो. आणि आम्ही तिथे कधी तासभर सलग चाललो नव्हतो. चिंगीला मात्र रोज दोन तास चालल्याशिवाय चैन पडेना. तिच्यामुळे आम्ही घराबाहेर पडलो, हे मी मनापासून सांगते.

घरी गाडी असली तरी आम्ही रेल्वेने जातो. कुत्र्याला तिकीट लागत नाही. शहर मागे पडलं की टॉटलीचा बोगदा लागतो, साडेपाच किलोमीटरांहून लांब, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी खणलेला. त्याच्या पलीकडच्या तोंडाशीच ग्रिंडलफर्ड स्टेशन. बोगद्याच्या अंधारात चिंगी माझ्या पायांवर रेलून पडलेली असते. मग चाकांचा आवाज बदलतो. आधी तिचे कान उभे राहतात, मग नाक हलायला लागतं, मग ती अख्खी उठते आणि दार उघडेपर्यंत नुसती थरथरत असते.

स्टेशनवरून वर चढलं की पॅडली गॉर्ज ही झाडीची घळ. एका बाजूला बरबेजचा ओढा दगडांवरून खळाळत येतो. वरच्या माळावरच्या पीटमधून, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या काळ्या थरातून झिरपल्यामुळे त्याचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. दोन्ही काठांवर जुने ओक, बुटके, वेडेवाकडे, शेवाळाने मढलेले. पावसाळ्यातलं महाबळेश्वरचं रान ज्यांनी पाहिलंय त्यांना ते ओळखीचं वाटेल. मे महिन्यात पाइड फ्लायकॅचर नावाचा चिमुकला काळापांढरा पक्षी आफ्रिकेतून येऊन याच ओकांच्या ढोलीत घरटं करतो.

इथे आम्ही काय करतो, तर थांबतो. चिंगी एखाद्या दगडाचा वास घ्यायला लागली की चार-चार मिनिटं तिथून हलत नाही. पहिल्या वर्षी मी दोरी ओढायचे, "चल ग, चल" म्हणायचे. पुढे लक्षात आलं की तिचं चालणं हेच आहे. रात्रीतून कोण गेलं, किती वाजता गेलं, घाबरलेलं होतं का, हे सगळं ती त्या दगडावर वाचते. तिच्यासाठी थांबायला लागले आणि मलाही दिसायला लागलं. ओढ्यातल्या दगडावर गुडघे मोडून उठाबशा काढणारा डिपर पक्षी दिसला. शेजारच्या लाँगशॉच्या रानातल्या केसाळ मुंग्यांची वारुळं दिसली. मातीची नाहीत ती; सुकल्या काड्याकुड्यांचे गुडघाभर ढीग, आणि उन्हाच्या दिवशी वरचा थर सबंध हलतोय असं वाटतं. चिंगीने एकदाच त्यात नाक घातलं. या मुंग्या आम्ल फवारतात. तेव्हापासून ती वारुळाला लांबून वळसा घालते आणि मी तिच्या मागून.

आता अडवण्याचं. हा प्रश्न मराठी माणसाला हमखास पडतो, कारण बांधावरून झालेली भांडणं आपण लहानपणापासून ऐकलेली असतात. आमच्या आजोळी बैलगाडीच्या एका वाटेचा दावा दोन पिढ्या चालला. इथल्या पायवाटांना आपला शब्द चपखल बसतो: वहिवाट. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा आहेत आणि त्यातल्या कितीतरी खासगी शेतांतून, कुरणांतून, कधी तर कुणाच्या अंगणातून जातात. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या नकाशा संस्थेच्या 1:25,000 नकाशावर त्या हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. रानात खांबावर पिवळा बाण असला तर ती पायवाट. निळा असला तर घोड्याला आणि सायकललाही मुभा. शेतकऱ्याने शेत नांगरलं तरी शेतामधून जाणारी पायवाट त्याला किमान 1 मीटर रुंदीची पुन्हा करून द्यावी लागते. पहिल्यांदा हिरव्या गव्हातून अशा वाटेने गेले तेव्हा मागून कुणी हाक मारेल म्हणून मी भराभर चालत होते. कुणी मारली नाही.

बांध ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, त्यांना स्टाइल म्हणतात. आमच्या नेहमीच्या वाटेवर एका स्टाइलच्या शेजारी कुत्र्यांसाठी उभी फळी बसवलीय. वरची मूठ धरून फळी उचलायची, खालून कुत्रं पलीकडे जातं, मग फळी अलगद सोडायची. तिची खालची कड इतक्या पाठी घासून गुळगुळीत आणि काळपट झालीय. हात लागतो तिथलं लाकूड मात्र उजळलंय. कुणीतरी सवड काढून, आपल्या शेतातून जाणाऱ्या परक्या कुत्र्यांसाठी हे सुतारकाम केलं. मी दर वेळी ती मूठ धरते तेव्हा मला त्या माणसाबद्दल माया वाटते.

ही मोकळीक आपोआप मिळालेली नाही. 24 एप्रिल 1932 ला काही शे तरुण हेफील्ड गावाहून पीक डिस्ट्रिक्टमधल्याच किंडर स्काउटच्या माळावर मुद्दाम, बंदी मोडून चढले. बरेचसे मँचेस्टरच्या कारखान्यांतले होते. शेफील्डहूनही एक तुकडी दुसऱ्या बाजूने येऊन मिळाली. माळ ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता. चढलेल्यांतल्या पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. मोकळ्या माळांवर वाट सोडूनही चालायचा हक्क कायद्यात यायला पुढे 2000 साल उजाडलं. त्याच कायद्यात कुत्र्यांचं कलम आहे: 1 मार्च ते 31 जुलै अशा माळांवर कुत्रा 2 मीटरच्या आतल्या दोरीनेच धरायचा, आणि गुरं-मेंढ्या जवळ असतील तर बाराही महिने. आपली टिटवी जशी उघड्यावर अंडी घालते तशीच इथली लॅपविंग आणि लांब चोचीची कर्ल्यूही जमिनीवरच घालतात. कुत्रं नुसतं जवळून धावलं तरी पक्षीण उठते आणि अंडी गार पडतात.

कायदा मला पाठ होता, तरी व्हायचं ते झालंच. एप्रिल होता, कोकरांचे दिवस. फाटकाची कडी लावायला मी वळले आणि दोरी मनगटावरून निसटली. चिंगी भुंकली नाही. पोट जमिनीला टेकवून, मान पुढे काढून ती बाणासारखी गेली आणि सगळा कळप उतारावरून पाण्यासारखा एका बाजूला वाहत गेला. तिने कुणाला तोंड लावलं नाही, नुसत्या गोल फेऱ्या मारत राहिली. मी ओरडत होते. माझा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नव्हता. दोन मिनिटं असतील. मला ती अजून संपलेली वाटत नाहीत.

शेतकरी चारचाकी मोटारसायकलवरून आला. साठीचा असेल. ओरडला नाही. आधी मेंढ्या मोजल्या, मग चिंगीकडे पाहिलं, मग म्हणाला, त्या दोन अजून व्यायच्या आहेत. अशा धावपळीने मेंढी गाभडते, एक-दोन दिवसांत कळेल. मी नंबर दिला. मेंढ्यांना त्रास देणं हा 1953 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कळप वाचवायला दुसरा उपायच उरला नाही तर शेतकऱ्याने कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा त्याला आधार देऊ शकतो. त्याला हे ठाऊक होतं, मलाही. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: दोन्ही व्यायल्या, तीन कोकरं, सगळी धडधाकट. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तेव्हापासून मेंढ्या दिसोत न दिसोत, शेतात पाऊल टाकण्याआधी दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरते.

त्याच सप्टेंबरात लाँगशॉला मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांच्या स्पर्धा पाहायला गेलो. 1898 पासून त्या तिथे भरतात. मेंढपाळ एका जागी उभा राहून शीळ घालतो, आणि लांब उतारावर एक काळापांढरा ठिपका थांबतो, वळतो, पोटावर बसतो. चिंगीने त्या दिवशी जे केलं होतं, तेच हे, फक्त त्याला शिकवण होती. ती कुंपणाशी बसून दोन तास पाहत होती. तिच्यावरचा माझा राग त्या दोन तासांत पूर्ण निवळला.

गाईंचं गणित अगदी उलटं आहे आणि ते प्रत्येकाला सांगायलाच हवं. आपण "गरीब गाय" म्हणत वाढलो. इथे कुरणात वासरं असलेल्या गाईला कुत्रं म्हणजे लांडगाच दिसतो. आधी त्या नुसत्या बघतात, मग जवळ येतात, मग धावतात, आणि माणसं तुडवली गेल्याच्या बातम्या इथे येत राहतात. अशा वेळी दोरी सोडून द्यायची. गाई कुत्र्यामागे जातात, कुत्रं त्यांच्यापेक्षा चपळ असतं. तुम्ही शांतपणे फाटक गाठायचं. मेंढ्यांपाशी दोरी सोडायची नाही आणि गाई अंगावर आल्या तर धरून ठेवायची नाही. मी वासरं दिसली की सरळ लांबचा वळसा घेते.

आणि कुत्र्याची घाण उचलायचीच, रान असलं तरी. कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा नावाचा परजीवी गवतात उतरू शकतो आणि त्याने गाई गाभडतात. पिशवीत भरून ती फांदीला टांगून जाणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. तिथे ती महिनोन् महिने लोंबकळते.

दुपारी सरप्राइज व्ह्यूच्या वळणापाशी खडकांवर बसतो. खाली सगळं होप खोरं, एकमेकांना छेदणारे दगडी बांध, लांबवर मॅम टॉर टेकडीचा कडा. ऑगस्टमध्ये माळ हेदरच्या फुललेल्या झुडपांनी जांभळा झालेला असतो. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. चिंगीला कोऱ्या दशमीचा तुकडा मिळतो, चिवडा कधीच नाही. त्यातले बेदाणे आणि कांदा कुत्र्यांना विषासारखे. आजी सांगायची, कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. चिंगी दशमीकडे बघत बसते तेव्हा मला ती गोष्ट दर वेळी आठवते, आणि दर वेळी तिचा तुकडा थोडा मोठा होतो.

मग हॅदरसेजला उतरायचं. जाताना खडकांच्या पायथ्याशी जात्याचे मोठाले दगड पडलेले दिसतात, घडवून तयार झालेले, पण गिऱ्हाईक न मिळाल्याने तिथेच राहिलेले. गावातल्या पबच्या दाराशी कुत्र्यांसाठी पाण्याचा वाडगा ठेवलेला असतो. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, तेव्हा हे सगळं घाईने उरकावं लागतं. जूनमध्ये रात्री नऊलाही उजेड असतो.

घरी आल्यावर दारातच चिंगीचे पाय पुसायचे आणि बोटांमध्ये, काखेत, कानामागे गोचीड चाचपायची. टॉवेल वाळत नाहीत, म्हणून मी साताऱ्याहून आणलेले सुती पंचे वापरते. चार होते, दोन विरले. ती पंजा आपणहून पुढे करते, एकेक, ठरलेल्या क्रमाने, आणि तिसऱ्या पायाला झोपी जाते.

मामी, येत्या मे महिन्यात तू येते आहेस. ओकांखाली निळी फुलं असतील तेव्हा. तुझ्या मापाचे बूट आणून ठेवलेत. येताना पंचे तेवढे आण, चांगले सहा-सात.