तिकिटामागचे चाळीस

सातारा-बामणोली मुक्कामी गाडीवर मी कंडक्टर. गाडीचं वेळापत्रक डेपोत लागत असलं तरी माणसं घड्याळ बघतात ते लाँचचं. यवतेश्वरचा घाट, कासचं पठार, मग उतरून बामणोली. कांदाटी खोऱ्यातल्या माणसाला तिथून पुढं कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायचा. १९६४ साली कोयनेचं धरण झालं, जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या.

जुलैतली दुपार. मुंबईहून आलेल्या एका पोरानं पाचशेची नोट दिली. सुट्टे नव्हते, म्हणून चाळीस रुपये तिकिटामागं लिहून दिले. हळूच म्हणाला, "मास्तर, लाँच घावंल ना? वडील गेलेत. मातीला थांबलेत."

कास ओलांडलं आणि धुक्यात झाड आडवं. गाडी बंद.

गाडीत लगेच पंचायत बसली. एक म्हणाला, मागं फिरा, मेढ्यावरून महाबळेश्वर, तिथनं जीप करून तापोळा, मग तराफा. दुसरा म्हणाला, "रात व्हईल. आन् एकट्याला जीपवाला काय भाव लावील, ठाव हाय का?" दोघांचंही खरं होतं. पोरगा नुसता दाराशी उभा.

तेवढ्यात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, फुकट तिकिटाच्या एका आज्जींनी पिशवीतून साताऱ्यात धार लावून आणलेला कोयता काढला. "बोलून झाड हलतंय व्हय?"

मग सगळेच उतरले. फांद्या तोडल्या, खोडाला दोर बांधून ओढलं, चिखलात दोघं आपटले. मी मागच्या वळणावर, जिथं थोडी रेंज येते तिथं पळालो. लाँचवाला म्हणाला, "अर्धा तास थांबतो. वारं सुटलं तर न्हाय जमायचं."

अर्ध्याचा पाऊण तास झाला. बामणोलीत उतरलो तेव्हा अंधारलं होतं, पण धक्क्यावर इंजिनाची टकटक ऐकू आली. पोरगा पळत सुटला. रात्री गाडीतच पैसे मोजले तर चाळीस जास्त.

श्रावण लागल्यावर सकाळच्या परतीच्या फेरीला तो चढला. डोक्यावर केसांचे नुकते खुंट. खिशातून चुरगळलेलं तिकीट काढलं. पुढची छपाई पार उडालेली, मागं माझ्या पेनातला आकडा तेवढा शाबूत.

"मास्तर, चाळीस राहिलेत."

तेही त्या दिवशी सुट्टे नव्हते.