नाव ठेवायचं आहे, नावं नाहीत

शुक्रवार, रात्र

लसीकरणाच्या कार्डावर नावाची जागा अजून कोरी आहे. वजन लिहून झालं, तारीख पडली, रंगाच्या रकान्यात 'काळा-पांढरा' आलं आणि डॉक्टरांनी नावावर पेन टेकवून माझ्याकडे बघितलं. पुढच्या खेपेला सांगते म्हटलं. त्यांनी तिथे पेन्सिलीने 'पिल्लू' लिहिलं. घरी येईपर्यंत ते पेन्सिलीचं अक्षर मला टोचत राहिलं. कुत्र्याच्या या पिल्लाला घरी येऊन आज सहा दिवस झाले.

पिल्लं फार भराभर बदलतात, म्हणून आजचा तो कसा दिसतो ते लिहून ठेवते. अंग काळंभोर. कपाळाच्या मधोमध एक रेघ निघते आणि थेट नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबते. रेघेच्या डावीकडे सगळं काळं, उजवीकडे सगळं पांढरं. मिश्यासुद्धा वाटून घेतलेल्या. डाव्या काळ्या, उजव्या पांढऱ्या. उजव्या डोळ्याच्या पापण्यांचे केस इतके पांढरे की उन्हात दिसतच नाहीत. नाक काळं, त्यावर उजव्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा एक गुलाबी ठिपका. डावा डोळा गडद तपकिरी आणि उजवा निळा. घारा नव्हे, चक्क निळा, कडेला जरासा राखी. छातीवर पांढरं, चारही पंजे पांढरे, शेपटीचं टोक पांढरं.

असा कुत्रा घेऊन बाहेर पडलं की कुणीच गप्प राहत नाही. "अहो, याला एका डोळ्याने दिसत नाही का?" हा पहिला प्रश्न. दिसतं म्हटलं तरी दोन बोटं त्याच्या डोळ्यापुढे नाचवून बघतात. एक बाई "बिचारा" म्हणाल्या. एका मुलाने लांबूनच "ए काण्या" अशी हाक मारली आणि हा शेपटी हलवत त्याच्याकडे निघाला. तेव्हा पोटात तुटलं. आपल्या भाषेत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात फरक आहे तो एका अनुस्वाराचा. आम्ही पहिलं करायच्या आतच लोकांनी दुसरं सुरू केलं.

रविवार

फ्रिजच्या दारावर कागद लावलाय. ज्याला जे नाव सुचेल ते त्याने तिथे लिहायचं.

भावाने 'पॅच' लिहिलं. सात वर्षांच्या भाचीने 'अर्धा चंद्र', आणि खाली चंद्र काढला. आईने 'मोत्या'. मोत्या कुणाचाही असू शकतो, हे तिलाही पटलं आणि तिनेच खोडलं. 'दुरंगी' कुणी लिहिलं ते कळलं नाही. अर्थ बरोबर आहे, दोन रंगांचा. पण माणसाला दुरंगी म्हटलं की तो दुटप्पी ठरतो. तो शब्द ज्याच्या मनात काही लपलेलं नाही अशा जिवाला लावायचा, हे मला सोसलं नाही. मीच खोडला.

जनावरांच्या रंगांसाठी आपल्याकडे किती शब्द आहेत, हे यानिमित्ताने बाबांबरोबर बसून आठवत गेले. बांडा, कबरा, ढवळा, खैरा, करडा, भुरा, चितकबरा. 'बांड्या' मला फार आवडलं. हाक मारायला दणकट, आणि दोन रंगांच्या जनावराला जुन्या माणसांनी दिलेलं अगदी नेमकं नाव. मग उंडगेपणा करणाऱ्या पोराला बांड म्हणतात ते आईला आठवलं. कबऱ्यावर बाबाच अडले, त्यांना त्यात कबर ऐकू येते. रंगावरून नाव ठेवण्यात मला काहीच गैर वाटत नाही. तो रंग त्याचाच आहे, लपवायचा कशाला? फक्त त्या नावात आपली नजरही उतरते. 'काण्या' म्हणणाऱ्यानेही तोच डोळा बघितला होता.

मंगळवार

आज जे कळलं ते लिहायला बसले आहे, पण मन थाऱ्यावर नाही.

डॉक्टर त्याला तपासताना त्याच्या मागे गेले आणि डाव्या कानाजवळ किल्ल्यांचा जुडगा वाजवला. त्याने झटकन मान वळवली. मग उजव्या कानाजवळ वाजवला. त्याने पुन्हा डावीकडेच बघितलं. तीनदा तसंच झालं. डॉक्टर म्हणाले, उजव्या कानाने याला ऐकू येत नसावं. पक्कं करायला एक चाचणी असते. डोक्याच्या कातडीत केसासारख्या बारीक सुया टोचतात, कानात टिकटिक आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत विजेची लहर पोचते का ते यंत्रावर बघतात. ती करून घेऊ. पण मला कळून चुकलं होतं. मी उजवीकडून बोलवते तेव्हा तो स्वयंपाकघराकडे का पळतो, हे इतके दिवस मी हट्ट समजत होते.

कारण त्यांनी फार समजावून सांगितलं. केसांना, डोळ्याला, कातडीला रंग देणाऱ्या पेशी पिल्लू पोटात असताना पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि हळूहळू अंगभर पसरतात. पंजे, छाती, शेपटीचं टोक, तोंडाचा पुढचा भाग ही त्यांची शेवटची ठिकाणं. तिथवर पोचता पोचता त्या कमी पडल्या की तेवढा भाग पांढरा राहतो. म्हणून इतक्या कुत्र्यांचे पंजे आणि छातीच पांढरी असते. निळ्या डोळ्यात निळा रंग नसतोच. बुबुळात रंगद्रव्य अगदी कमी असलं की आत शिरलेला उजेड विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं, आभाळ दिसतं तसंच. आणि याच पेशी कानाच्या अगदी आतही लागतात. तिथल्या द्रवातल्या क्षारांचा तोल त्यांच्यावर असतो. त्या नसल्या की आवाज टिपणाऱ्या पेशी जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मरून जातात. पांढरं तोंड असलेल्या प्रत्येक कुत्र्याचं असं होत नाही. याच्या उजव्या बाजूला झालं.

म्हणजे पांढरा गाल, निळा डोळा आणि बहिरा कान, तिन्ही एकाच गोष्टीतून आले.

एका कानाने ऐकणाऱ्या कुत्र्याला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. दोन्ही कानांवर आवाज थोड्या फरकाने पडतो आणि त्या फरकावरून दिशा ठरते. एकच कान असला की फरक कशाचा काढणार? डॉक्टर म्हणाले, याने काही अडत नाही, छान जगेल. रस्त्यावर मात्र पट्ट्याशिवाय कधी सोडू नका. आणि नाव असं ठेवा की घाईत, वाऱ्यात, गोंगाटातही तुमच्या तोंडून सुटं आणि स्पष्ट निघेल.

तोवर मी नाव शोधत होते ते लोकांच्या डोळ्यांसाठी. ऐकणारा तो आहे, तोही एका कानाने, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गुरुवार

चाचणी झाली. डावा कान उत्तम. उजव्याची रेघ सपाट.

घरी आल्यावर आईने त्याला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ उजवा कान नुसता चोळत बसली. कुणी काही बोललं नाही.

शनिवार

फ्रिजवरचा कागद काढला. आता दारात उभं राहून हाक मारून बघायची आणि मगच लिहायचं, असं ठरलं.

बाबांच्या मनात 'शबल' होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या दोन कुत्र्यांचं वर्णन आहे, 'सारमेयौ श्वानौ चतुरक्षौ शबलौ'. सरमेची, म्हणजे देवांच्या कुत्रीची पिल्लं, चार डोळ्यांची, शबल म्हणजे चित्रविचित्र रंगांची. ज्या कुत्र्यांच्या भुवयांवर ठिपके असतात त्यांच्याकडे बघितलं की चार डोळे का म्हटलं असेल ते लगेच उमगतं. इतक्या जुन्या काळी कुणीतरी कुत्र्याच्या रंगाकडे इतकं निरखून बघितलं, याचा मला मनापासून आनंद झाला. नावही सुरेख. आई म्हणाली, यमाच्या दारचं नाव माझ्या बाळाला नको. मी तरी बाबांच्या बाजूने होते. मग दारात जाऊन हाक मारली. 'शबल' शेवटच्या ल वर मिटून जातं, लांब जात नाही. त्यातून दिवसभरात आपण 'चल' शंभर वेळा म्हणतो. बुडापेस्टच्या एटव्हश लोरांड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं होतं की ओळखीचा शब्द आणि एखाद्याच ध्वनीने वेगळा असलेला निरर्थक शब्द यांत कुत्र्यांचा मेंदू फारसा फरक करत नाही. ज्याचा एकच कान चालतो त्याला असल्या सारखेपणाच्या कोड्यात कशाला टाकायचं? नाव सोडताना वाईट वाटलं.

हाकेचा विचार माणसं फार पूर्वीपासून करत आली आहेत. झेनोफन या ग्रीक लेखकाने, तो स्वतः शिकारीही होता, जवळजवळ 2400 वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की हाक मारायला सोपं जावं म्हणून कुत्र्यांची नावं लहान ठेवा. पुढे त्याने 47 नावांची यादीच दिली आहे. ती मी आज एकेक अर्थ लावत वाचली. भाला, पहारेकरी, बळ, आनंद. कातडीच्या रंगाचं त्यात जवळपास काहीच नाही. कुत्र्याने काय असावं आणि घरात काय आणावं त्याचीच ती नावं आहेत. एकाचा अर्थ आहे किरण. तिथे मी थांबले. किरण म्हणून हाक मारणार नव्हते, पण तो अर्थ डोक्यातून जाईना.

रविवार, दुपार

हे आत्ताच लिहायला हवं.

खिडकीचं एक दार ओढून घेतलेलं होतं आणि फटीतून जमिनीवर उन्हाचा तुकडा पडला होता. हा अंधाऱ्या कोपऱ्यात झोपलेला. ऊन सरकत सरकत त्याच्याजवळ आलं आणि त्याच्या चेहऱ्यावर चढलं. झोप मोडेल म्हणून मी हात आडवा धरला. जमिनीवरचा उजेड गेला, त्याच्या गालावरचा गेला नाही. हात धरलेलाच होता आणि उजवा गाल तसाच उजळ. क्षणभर मला खरंच कळेना, ऊन कुठे संपलं आणि हा कुठे सुरू झाला.

कवडसा.

मोठ्याने म्हणाले असेन, कारण आई आतून आली. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. छपरातून, फटीतून, पानांतून उजेडाचा एक तुकडा आत येतो आणि जिथे पडतो तेवढीच जागा दिसायला लागते. हा शब्द मी लहानपणी आईकडूनच शिकले. अंथरुणावर पडलेला कवडसा मुठीत धरायचा प्रयत्न करायचे.

जिथे रंग पोचला नाही त्या जागेचं हे नाव आहे. पण या शब्दात काही कमी पडल्याची खूण नाही, काहीतरी येऊन पडल्याची आहे.

मग दार उघडून हाक मारली. 'कवडसा' जरा लांबतं, म्हणून हाकेला 'कवड्या'. सुरुवातीला कडक क, मध्ये ड्य चा ठोका, शेवटी उघडा आ, हवा तितका ताणता येणारा. बस, नको, चल, ये, कशाशीच गल्लत नाही. बाबांनी गच्चीवरून मारून बघितली, खालपर्यंत स्वच्छ आली. भाची म्हणाली, अर्धा चंद्र पण उजेडच असतो ना? म्हटलं, तुझंच नाव आहे गं, फक्त सूर्याकडून आलंय.

बुधवार

दहा दिवस शिकवणं चाललंय. नाव एकदा घ्यायचं, लगेच उजवा हात सरळ वर उभा करायचा, त्याने बघितलं की खाऊचा तुकडा. रागावताना नाव घ्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावलंय. भाऊ परवा चुकला, चप्पल चावली म्हणून "कवड्या!" असं ओरडला. ते पिल्लू जागच्या जागी अंग चोरून बसलं. भावाने स्वतःच त्याला उचललं आणि संध्याकाळभर ते नाव लाडाने घेत राहिला.

नाकावरचा गुलाबी ठिपका आताच थोडा लहान झालाय, काही महिन्यांत काळाही होईल. पांढऱ्यात कदाचित बारीक ठिपके उगवतील. निळा डोळा निळाच राहणार. आज डॉक्टरांनी कार्डावरचं 'पिल्लू' खोडरबराने पुसलं आणि मला विचारून, ड आणि स वेगवेगळे लिहून, नाव पेनने घातलं.

संध्याकाळी बंद फाटकाच्या आत, मैदानात, पहिल्यांदाच पट्टा सोडला. तो खूप लांब गेला. मी त्याच्या उजवीकडे होते. "कवड्याऽऽ" म्हटलं. त्याने ऐकलं, कान ताठ झाला आणि तो डावीकडे धावला. चार पावलांवर थांबला. तिथे कुणी नव्हतं. मी हाक पुन्हा मारली नाही, फक्त हात वर धरून उभी राहिले. तो जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घेत वळला, आधी काळी बाजू दिसली, मग पांढरी, मग दोन्ही डोळे, आणि हात दिसताच सरळ माझ्याकडे निघाला.