एकच दिसतोय, दादा

नऊ वर्षं मी दुर्बीण घेऊन शाळाशाळांतून आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतोय. आयोजकांना चंद्र आणि शनी हवा असतो. कडी दिसली की पैसे वसूल. मी मात्र हिवाळ्यात शर्मिष्ठा (कॅसिओपिया) या तारकासमूहातला ईटा तारा दाखवल्याशिवाय दुर्बीण आवरत नाही. अंतर सुमारे 19 प्रकाशवर्षं. मुख्य तारा जवळजवळ आपल्या सूर्यासारखा. तिथून कोणी इकडे बघितलं तर आपला सूर्यही साधारण असाच, किंचित मंद दिसेल. ईटाच्या या मुख्य ताऱ्याला एक छोटा तांबूस जोडीदार आहे. हे मुलांना सांगताना मला अजूनही भरून येतं.

डिसेंबरात भोरजवळच्या एका शाळेत गेलो होतो. आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे साध्या बैठकीवर हाताने फिरवायची आरशाची दुर्बीण, आणि 150 पट मोठं करणारा आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग. माझ्या दुर्बिणीला मोटर नाही, त्यामुळे पृथ्वी फिरते तसा तारा सरकत राहतो. पण शर्मिष्ठा ध्रुवाच्या बाजूला, तिथले तारे हळू सरकतात, त्यामुळे पूर्ण दृश्य ओलांडायला त्याला अडीच मिनिटं लागतात. दर तिसऱ्या-चौथ्या मुलानंतर मी फाइंडरमधून, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीतून, तारा मध्यावर आणत होतो. आयपीसला डोळा लावत नव्हतो. रांग लांब होती.

"दोन दिसले?" "दिसले!" तीसेक मुलं, दोन शिक्षक, सगळ्यांना दिसले.

मग सातवीतली एक मुलगी बराच वेळ वाकून राहिली. "एकच दिसतोय, दादा. आणि भोवती पांढरं पांढरं."

मागून बाई म्हणाल्या, "अगं, सगळ्यांना दिसले, तुलाच कसे दिसत नाहीत? चल, पुढे हो."

ती हलली नाही. मी डोळा लावला. काचेवर वाफ धरली होती. बाहेर थंडी आणि इतक्या जणांचे श्वास, डोळ्यांची ओल. मुख्य तारा जोडीदारापेक्षा सुमारे 40 पट तेजस्वी. त्याच्या पसरलेल्या उजेडात धाकटा पार बुडाला होता. अशी काच पुसायची नसते, ओरखडे पडतात. खिशात उबेला ठेवलेला दुसरा आयपीस लावला, फोकस केला.

"आता बघ."

"हां... मोठा पिवळा. आणि तो बारका, विटेच्या रंगाचा. अगदी चिकटून आहे."

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने ही जोडी 1779 साली शोधली, एका फेरीला सुमारे 480 वर्षं लागतात, हे मी तिला सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे सापडल्यापासून अजून एक फेरीसुद्धा झाली नाही?"

"नाही झाली."

तिने पुन्हा डोळा लावला. यावेळी बाई काही बोलल्या नाहीत.

वाफ नेमकी कितव्या मुलापासून धरली, ते मला कळायला मार्ग नाही. पहिल्या पाच-सात जणांना खरंच दोन तारे दिसले असतील. बाकीच्यांना मीच "दोन दिसले?" असं विचारून उत्तर हातात दिलं होतं. मी बाईंना म्हटलं, सगळ्यांना परत रांगेत उभं करा. तोवर मुलं खिचडीच्या पंगतीला बसली होती. तीन-चार जण उठून आले, तेवढेच.

आता मी "काय दिसतंय?" एवढंच विचारतो.