तुम्ही विचारलंत म्हणून: रुपर्टचा शेवट खरा की मनातला?

‘द किंग ऑफ कॉमेडी’ पाहून झाला की प्रश्न ठरलेला: रुपर्ट पपकिन शेवटी खरंच प्रसिद्ध होतो, की ते सगळं त्याच्या डोक्यात? आमचं उत्तर: होतो. का, ते सिनेमातच दिसतं.

गोष्ट न्यूयॉर्कची. विनोदवीर व्हायचं वेड असलेल्या चौतिशीतल्या रुपर्टला (रॉबर्ट डी निरो) छोट्या क्लबांत उमेदवारी करायची नाही, थेट जेरी लँगफर्डच्या (जेरी लुइस) टीव्ही शोवर जायचंय. डाळ शिजत नाही म्हणून जेरीची वेडी चाहती असलेल्या माशा नावाच्या बाईच्या मदतीने तो जेरीलाच पळवतो. मागणी एकच, आजच्या शोची सुरुवात मी करणार. पिस्तूल रोखून जेरीला फोनवर जे वाचायला लावतो, त्यातलं एक कार्डही तो उलटं धरतो.

रुपर्टची दिवास्वप्नं दाखवताना दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी पडदा धूसर करत नाही, प्रकाश बदलत नाही. हॉटेलात जेरी विनवतोय, सहा आठवडे माझा शो सांभाळ. कट, आणि रुपर्ट घरात एकटाच बडबडतोय, आई ओरडतेय. दुसऱ्या स्वप्नात शोवर त्याचं शाळेपासून आवडणाऱ्या रिटाशी लग्न लागतं आणि शाळेचे मुख्याध्यापक सगळ्या देशासमोर त्याची माफी मागतात. दोन्हीकडे कुणीतरी मोठं माणूस त्याच्यापुढे वाकतं. रुपर्टच्या स्वप्नाचं बीज तेच आहे: प्रसिद्धीपेक्षा भरपाई.

शेवटाकडे याच नजरेने बघा. बातम्यांत कळतं, सहा वर्षांची शिक्षा, दोन वर्षं नऊ महिन्यांनी सुटका, मग पुस्तक. लाल सूटमधला रुपर्ट रंगमंचावर येतो. जेरी नाही, रिटा नाही, माफी मागणारं कुणी नाही, आणि आईच्या हाकेचा कटही येत नाही. निवेदक त्याचं नाव पुनःपुन्हा घेतो, टाळ्या थांबत नाहीत. ही पुनरावृत्ती स्वप्नासारखी वाटते हे कबूल, ‘मनातलं’ म्हणणाऱ्यांचा सगळा भर तिच्यावरच असतो.

पण आमच्या मते निकाल आधीच्या प्रसंगात लागलेला आहे. रिटा काम करते त्या बारमधल्या टीव्हीवर रुपर्टचा कार्यक्रम लागतो. विनोद बेताचे, बरेचसे आईबापांवरचे आणि मारहाणीचे. मग तो सरळ सांगतो की इथे यायला मी जेरीला बांधून ठेवलंय. स्टुडिओतले लोक हसतात. गुन्ह्याची कबुली विनोद म्हणून खपली, तिथेच तो जिंकला. असा प्रेक्षक त्याला पुस्तकही देईल आणि शोही. यात स्वप्नाची गरजच उरत नाही.



पुन्हा पाहाल तेव्हा शेवटच्या फ्रेममध्ये रुपर्टच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. हात जोडलेले, चेहऱ्यावर हसू, टाळ्या चालूच. तो एकही विनोद सांगत नाही.