अर्ध्या तासात येतो

डिसेंबरातला रविवार. सकाळी सव्वाआठला तिचा फोन आला, "गाडीत बसले." ती अमळनेरच्या शाळेत शिकवते. तिला सुट्टी रविवारची, आणि रविवार म्हणजे आमच्या किचनचा सगळ्यात जड दिवस. माझी सुट्टी मंगळवारी, तेव्हा तिचा वर्ग भरलेला असतो. सहा महिन्यांच्या ओळखीत आम्ही निवांत बसून बोललो ते चार वेळा.

मी जळगावच्या एका हॉटेलात शेफ आहे. आमची ब्रेक शिफ्ट असते: सकाळी 11 ते 3.30, मग 6.30 पासून रात्री 12 वाजेपर्यंत. मधले तीन तास आपले. त्यातच झोप, आईला फोन, केस कापणं आणि प्रेमही. साडेतीनला मेहरुण तलावावर भेटायचं ठरलं होतं. तिची परतीची गाडी सातच्या सुमाराची.

दुपारी एकला मालकांनी सांगितलं, संध्याकाळची पार्टी 120 ची नाही, 300 ची आहे. पाहुणे पुण्या-मुंबईचे, त्यांना भरीत हवं, आणि तेही काड्यांवर भाजलेलं. जळगावच्या भरीताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचा माणूस नाव घेऊनच मागतो. मला त्याचा आनंदच आहे. पण 80 किलो वांगी आली आणि भाजणारे आम्ही तिघंच.

गॅसवर भाजलं तर हे काम वाटून, थांबून करता येतं. काड्यांवर तसं नाही. कपाशीच्या वाळलेल्या काड्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात. सतत घालत राहावं लागतं, वांगं फिरवत राहावं लागतं. आधी काडीने टोचून घ्यायचं, नाहीतर ते फुटतं. साल पूर्ण काळी झाली, देठाजवळ दाबल्यावर बोट आत गेलं, की उचलायचं आणि गरम असतानाच सोलायचं. गार झालं की साल गराला चिकटते आणि जळकट कडूपणा आत उतरतो. मग लाकडी मुसळाने ठेचायचं. मिक्सरला लावलं तर त्याची चटणी होते, रेषा उरत नाहीत. फोडणीत हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, वर कांद्याची पात. शेजारी मावशी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्यांचं पीठ मळत होत्या.

साडेतीनला मी तिला सांगितलं, "अर्ध्या तासात येतो." चारला तेच, साडेचारला तेच. सव्वापाचला धुराने डोळे चुरचुरत असताना फोन खांद्यात धरून चौथ्यांदा तेच.

मावशी म्हणाल्या, "भाऊ, तू जाय, आम्ही पाही लेसूत." मला जाता आलं असतं का? अजूनही ठरवता येत नाही. निम्मी वांगी भाजायची होती, हे खरं. पण मावशींच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त भरीत ठाऊक आहे, हेही खरंच.

सहाला तलावावर पोचलो. कपड्यांना धुराचा वास, नखांत काजळी. ती स्टेशनला निघून गेली होती. फोन केला तेव्हा ती रागावलीही नाही. म्हणाली, "तू आला नाहीस याचं काही नाही. साडेतीनलाच 'जमणार नाही' म्हणाला असतास तर मी मैत्रिणीकडे गेले असते, बाजार केला असता. अडीच तास मी रस्त्याकडे बघत बसले."

त्या रात्री तीनशे पानं उठली. एका आजीबाईंनी मला बाहेर बोलावून डोक्यावर हात ठेवला. एरवी असं झालं की महिनाभर पुरतं. त्या दिवशी मात्र घास उतरला नाही.

मी तिला का फसवत राहिलो, हे नंतर लक्षात आलं. आमच्याकडे वेटरांचा प्रमुख, म्हणजे कॅप्टन, खिडकीतून ओरडतो, "ऑर्डर कुठंय?" आणि आतून एकच उत्तर जातं, "दोन मिनिटं!" दहा मिनिटांचं काम असो की वीस, आम्ही दोनच सांगतो. जिभेला तीच सवय लागली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणींना मी हेच सांगतो, "संध्याकाळी येतो." तीन वर्षांत एकदाही गेलो नाही. मित्र आता लग्नाचं आमंत्रण देतानाच म्हणतात, "तुला नाही जमणार, माहीत आहे." स्थळ बघायला आलेल्या एका काकांनी विचारलं होतं, "आचाऱ्याला सणवार असतो का हो?" तेव्हा मला 'आचारी' शब्दाचा राग आला होता. प्रश्नाचं उत्तर मात्र मी दिलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी किचनच्या दाराला लावलेल्या ड्यूटीच्या तक्त्याचा फोटो काढला आणि काही न लिहिता तिला पाठवला. लग्नाच्या तारखा, पार्ट्या, माझे ब्रेक, सगळं त्यात होतं.

दुपारी तिच्या मधल्या सुट्टीत तो फोटो परत आला. तिने तीन चौकोनांभोवती लाल रेघेने गोल काढले होते. तिन्ही मंगळवार होते, आणि पहिल्यापुढे लिहिलं होतं, "शाळा 5 ला सुटते. अमळनेरला ये."